तोफांच्या वाटेने वेझेना पठारावर: माउंटन बाईकची एक दिवसाची अवघड फेरी

उत्तर इटलीच्या त्रेन्तिनो भागात वलसुगाना नावाची एक रुंद दरी आहे. काल्दोनाझ्झो आणि लेविको ही दोन तळी या दरीत असून त्यांच्यातूनच ब्रेंटा नदीचा उगम होतो. दरीच्या दक्षिणेला डोंगराची भिंत उभी आहे आणि तिच्या माथ्यावर लावारोने, लुसेर्ना व वेझेना ही कुरणांची आणि सूचिपर्णी जंगलांची पठारे पसरली आहेत. पहिल्या महायुद्धापूर्वी ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांची सरहद्द याच पठारांवरून जात असे. तिच्या रक्षणासाठी, आणि वेळ आलीच तर इटलीच्या मैदानात उतरण्यासाठी, ऑस्ट्रियाने युद्धापूर्वीच्या काही वर्षांत येथे काँक्रीटचे सात किल्ले बांधले. त्यांपैकी चार किल्ले दरीच्या तळापासून निघून एका दिवसात सायकलवरून पाहता येतात. फेरीचे अंतर ढोबळमानाने 65 ते 70 किलोमीटर आणि एकूण चढ 2,000 मीटरच्या आसपास धरावा. आपण निवडलेल्या फाट्यांनुसार हे आकडे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी स्वतःच्या नकाशावर ते मोजून घेणे आवश्यक आहे.

येथे येणारे बहुतेक सायकलस्वार दिवस किलोमीटरमध्ये मोजतात आणि तेथेच त्यांचा हिशेब चुकतो. प्रत्येक किल्ल्यापाशी अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि दिवसातला सर्वांत कठीण चढ अगदी सुरुवातीलाच येतो. त्यामुळे सकाळी सातच्या आत पेडलवर पाय असावा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वादळे येतात, हेही लवकर निघण्याचे कारण आहे. पठारावरच्या सावलीतल्या जागी बर्फ मे महिन्यापर्यंत टिकतो, म्हणून जूनचा मध्य ते सप्टेंबरचा शेवट हा काळ उत्तम.

पहिला टप्पा दरीतून पठारावर चढणाऱ्या मेनादोर रस्त्याचा. जर्मनमध्ये याला कैसरयेगरांचा रस्ता म्हणतात, कारण सम्राटाच्या या पायदळाला पठारावर रसद पोहोचवण्यासाठी तो कड्यात कोरला गेला. तोफा ओढण्यासाठी केलेला रस्ता म्हणजे चढ सौम्य असणार, ही अपेक्षा येथे पहिल्या वळणावरच सोडून द्यावी लागते. 2022 सालच्या जिरो द’इतालिया शर्यतीचा सतरावा टप्पा याच चढावरून लावारोनेला गेला, तेव्हा त्याची लांबी सुमारे 8 किलोमीटर आणि सरासरी चढ जवळजवळ 10 टक्के नोंदवला होता. सिंहगडाच्या घाटावर पाय तपासून आलेल्यांनी लक्षात ठेवावे की हा चढ लांबीने तेवढाच वाटला, तरी उभेपणाने जास्त आहे. सर्वांत हलका गिअर राखून न ठेवता आरंभापासून वापरावा आणि बोलता येईल इतपतच दम लागू द्यावा. रस्ता अरुंद असून काही ठिकाणी खडकात खोदलेल्या बोगद्यांतून जातो, त्यामुळे पुढचा आणि मागचा दिवा भर दिवसाही लावलेला असावा. कठड्यावरून खाली पाहिले की दोन्ही तळी एकाच नजरेत येतात. तेथे थांबण्यात काही कमीपणा नाही.

माथ्यावर मोंतेरोवेरे (सुमारे 1,255 मीटर) लागते. येथून पूर्वेकडे वळून वेझेना खिंडीपर्यंत (1,402 मीटर) मोकळ्या कुरणांतून जावे. पाण्याची सोय येथेच पाहावी. ही पठारे चुनखडीची आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खाली निघून जाते आणि वर ओढे फारसे उरत नाहीत. युद्धकाळात हजारो माणसांना आणि खेचरांना पाणी पुरवणे हे दोन्ही सैन्यांपुढचे मोठे संकट होते. निदान अडीच ते तीन लिटर पाणी जवळ ठेवावे आणि जेथे नळ किंवा उपाहारगृह दिसेल तेथे बाटल्या भरून घ्याव्यात. कुरणांवरच्या दुग्धशाळांना येथे ‘माल्गा’ म्हणतात. वेझेनाचे जुने, मुरवलेले चीज प्रसिद्ध आहे आणि पावाबरोबरचा त्याचा एक तुकडा चढावर कोणत्याही पाकीटबंद खाऊपेक्षा जास्त उपयोगी पडतो. कुरणांची फाटके उघडली तर ती पुन्हा लावून पुढे जावे.

खिंडीजवळच वेर्ले किल्ल्याचे भग्न अवशेष आहेत. इटलीने 23 मे 1915 रोजी युद्ध पुकारले आणि 24 तारखेच्या पहाटे समोरच्या वेरेना डोंगरावरील इटालियन किल्ल्यातून पहिला तोफगोळा या दिशेने सुटला. पुढचे काही दिवस वेर्ले आणि लुसेर्ना हे किल्ले अखंड माऱ्याखाली होते. वेरेनाचा शेवट मात्र लवकर झाला: 12 जून रोजी ऑस्ट्रियाच्या 305 मिलिमीटर तोफेचा गोळा छत फोडून आत फुटला आणि तेथील बहुसंख्य तोफची मारले गेले. वेर्लेच्या ढिगाऱ्यासमोर उभे राहून वेरेनाचा माथा शोधावा. दोन्ही ठिकाणे एकमेकांना किती स्पष्ट दिसत होती हे कळले की पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो.

येथून लेविकोच्या सुळक्यावर, म्हणजे श्पित्झ वेझेनावर (1,908 मीटर) जुना लष्करी मार्ग चढतो. सुमारे 500 मीटरचा हा चढ फेरीचा गाभा आहे. खालचा भाग सायकलवरून होतो. वर खडी सुटी आणि वळणे आखूड होत जातात, आणि शेवटचा तुकडा सायकल ठेवून पायी जाणेच शहाणपणाचे. म्हणून चालता येतील असे सोलचे बूट घालावेत. वरच्या छोट्या किल्ल्याला ‘पठारांचा डोळा’ म्हणत, कारण तो टेहळणीसाठी होता. त्याच्या पाठीमागे कडा वलसुगानात जवळजवळ 1,400 मीटर कोसळतो. ढग दाटू लागले असतील किंवा दूर गडगडाट ऐकू आला, तर हा फाटा निःसंकोच वगळावा. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. वळणापूर्वी जोर लावून वेग कमी करावा आणि नंतर सोडावा, म्हणजे डिस्क तापून निकामी होत नाहीत. सुटे दगड धारदार असल्याने ट्यूबलेस टायर असले तरी एक जादा ट्यूब जवळ असावी.

खंदकांच्या परिसरात मूळ वाट सोडू नये. गवतात गंजलेले लोखंडी खुंट, तारा आणि झाकलेली भुयारांची तोंडे अजूनही सापडतात. गोळ्यासारखी कोणतीही धातूची वस्तू दिसली तर तिला हात न लावता जागा लक्षात ठेवून 112 वर कळवावे.

तिसरा किल्ला लुसेर्ना गावाच्या वरच्या जंगलात आहे. मे 1915 च्या अखेरीस चार दिवसांच्या माऱ्यानंतर त्याच्या कमांडरने पांढरे निशाण उभारले. तेव्हा इटालियन तुकड्या पुढे सरकू नयेत म्हणून शेजारच्या ऑस्ट्रियन किल्ल्यांनी त्या परिसरावरच मारा केला, निशाण उतरवले गेले आणि किल्ला हातचा गेला नाही. खालच्या गावाचे हाल वेगळेच होते. तेथील लोक चिम्ब्री ही जुनी जर्मनिक बोली आजही बोलतात आणि गावातल्या पाट्यांवर ती दिसते. युद्ध सुरू होताच गावावर गोळे पडले आणि रहिवाशांना दूर बोहेमियात पाठवण्यात आले. गावात शिरताना वेग कमी करावा. रस्ते अरुंद आहेत आणि जेवणाचा थांबाही येथेच घेणे सोयीचे.

लुसेर्नाहून जंगलातील रस्त्यांनी पश्चिमेकडे लावारोनेच्या बेल्वेदेरे किल्ल्याकडे जावे. जंगलातील वळणांवर चढणारे पादचारी भेटतात. त्यांना आधी वाट द्यावी. जो किल्ला आतून नीट पाहायचा तो हाच. 1930 च्या दशकात बाकीच्या किल्ल्यांतले लोखंड भंगारासाठी काढून नेले गेले, त्यातून बेल्वेदेरे बचावला आणि आज तो संग्रहालय आहे. फिरत्या पोलादी घुमटांत येथे 100 मिलिमीटरच्या तीन तोफा होत्या. दुपारी उशिरा पोहोचल्यास दार बंद आढळू शकते, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी पाहावे. आत थंडी असते. घामेजलेल्या अंगावर जाकीट चढवूनच शिरावे.

शेवटचा उतार लावारोनेहून चेंता खोऱ्यातून काल्दोनाझ्झोकडे जातो. तो डांबरी आणि सोपा वाटतो, पण मनगटे थकलेली असतात आणि वाहने वेगात असतात, त्यामुळे दिवे पुन्हा लावावेत आणि रस्त्याच्या उजव्या कडेने उतरावे. काल्दोनाझ्झो आणि लेविको ही दोन्ही स्थानके त्रेन्तो ते बास्सानो रेल्वेमार्गावर आहेत. प्रादेशिक गाड्यांत सायकलींसाठी जागा मोजकीच असते. संध्याकाळची शेवटची गाडी गृहीत न धरता तिच्या आधीची पकडावी.