सेपांगला मोटोजीपी बघायला जाताय? आधी दिवाळीची तारीख बघा

नाना पेठेत माझं टू-व्हीलरच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. क्लच प्लेट घ्यायला आलेली पोरं काउंटरमागचा मलेशियातल्या सेपांग सर्किटचा फोटो बघतात आणि विचारतात, "काका, तिकडं जायचं कसं?" प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो.

परदेशातली पहिली रेस बघायची तर मलेशियाची. 2023 ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल रेसिंगची सगळ्यात वरची जागतिक स्पर्धा, आली, इटलीचा रायडर बेझेक्की जिंकला, आणि त्यानंतर ती काही आपल्याकडे फिरकली नाही. युरोपला जायचं तर शेंगेन व्हिसा आला. त्यात इटलीतल्या मुजेल्लो आणि नेदरलँड्समधल्या आसेनच्या रेस साधारण मे-जूनमध्ये, म्हणजे निम्मं पुणे टूरवाल्यांबरोबर तिकडेच निघालेलं असतं तेव्हा. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत घाम फुटतो. मलेशियानं डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय. सवलत मुदतीची आहे, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी ती चालू आहे ना, एवढं तपासा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी.

खरी अडचण व्हिसाची नाही, दिवाळीची. 2023 ला रेस 12 नोव्हेंबरला होती, त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. 2024 ला 3 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन भाऊबिजेला. 2025 ला 26 ऑक्टोबरला आली आणि तोवर भाऊबीज उरकली होती, सुटलो. दुकानदाराला लक्ष्मीपूजनाला गल्ला सोडून जाता येत नाही, आणि ताईला "रेस आहे" हे कारण सांगायची माझी तरी छाती नाही. म्हणून सीझनचं वेळापत्रक आलं की ते आधी घरच्यांसमोर ठेवा, बुकिंग मग. दिवाळीत विमानाची भाडीही चढतात. मी मुंबईहून उडतो. सणाच्या दिवसांत बोरघाटात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, घरातून त्या हिशेबानं निघा.

आता मुद्द्याची गोष्ट, जागा. सेपांगची मुख्य गॅलरी दोन लांब सरळ रस्त्यांच्या मधोमध उभी आहे. एका अंगाला स्टार्ट-फिनिश, दुसऱ्या अंगाला मागची स्ट्रेट, आणि दोन्ही जोडणारं पंधरा नंबरचं वळण. बहुतेक जण स्टार्ट-फिनिशसमोरचं तिकीट घेतात. तिथं पोडियम दिसतं, पिट म्हणजे टीमची गॅरेजं दिसतात, पण गाडी मात्र झूंऽऽ करून निघून जाते. मी सांगेन, पंधराव्या वळणाकडची जागा धरा. तीनशेच्या आसपास वेगानं आलेला रायडर ब्रेक दाबतो, मागचं चाक जमिनीवरून किंचित सुटतं, डावा पाय फूटपेगवरून खाली लोंबतो, आणि मग गाडी डावीकडे अशी आडवी पडते की कोपर डांबराला घासतं. ब्रेकिंगला कोण शेवटपर्यंत थांबतो आणि कोण आधीच कच खातो, हे टीव्हीवर नीट कळत नाही. इथं एका लॅपमध्ये कळतं. दुसरा पर्याय पहिल्या वळणाजवळची के-वन गॅलरी. सुरुवातीला सगळा घोळका उजवीकडे वळून लगेच डावीकडे घुसतो, तेव्हा तिथं बसणाऱ्याचे पैसे पहिल्याच लॅपला वसूल. टेकडीवरचं तिकीट स्वस्त, पण डोक्यावर छप्पर नाही आणि तिकडे दुपारचा पाऊस आपल्या वळवासारखा न सांगता कोसळतो. छत्री नेऊ नका, मागचे लोक ओरडतात. पातळ रेनकोट न्या.

तिकीट तीन दिवसांचं असतं आणि लोक रविवारीच उगवतात. असं करू नका. शुक्रवारी गर्दी कमी असते, त्या दिवशी पायी फिरून वेगवेगळ्या वळणांवरून बघता येईल तेवढं बघून घ्या. शुक्रवारच्या प्रॅक्टिसमधले पहिले दहा थेट क्यू-टूमध्ये, म्हणजे क्वालिफाइंगच्या दुसऱ्या टप्प्यात जातात, त्यामुळे शेवटच्या मिनिटांत सगळे जीव तोडून चालवतात. शनिवारी सकाळी क्वालिफाइंग, दुपारी स्प्रिंट, म्हणजे निम्म्या अंतराची रेस. रविवारी मोटो-थ्री, मोटो-टू या खालच्या वर्गांच्या रेस आणि मग मोटोजीपी. मोटो-थ्री चुकवाल तर पस्तावाल. छोट्या गाड्या, पण स्ट्रेटवर पुढच्यानं तोडलेल्या हवेचा फायदा घेत दहा-बारा जण एकत्र येतात आणि निकाल शेवटच्या वळणावर लागतो.

कानात घालायचे फोमचे बोळे इथूनच मेडिकलमधून घ्या. पहिल्या तासात "काय मस्त आवाज आहे" म्हणून काढून ठेवाल, संध्याकाळी कान गुणगुणतील.

सर्किट क्वालालंपूर शहरात नाही, विमानतळाच्या बाजूला आहे. रेसच सगळं असेल तर नीलाई किंवा सालाक टिंगी भागात राहा, रोजचा प्रवास वाचेल. बायकापोरं बरोबर असतील तर क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल स्टेशनजवळ ब्रिकफील्ड्समध्ये उतरा. तिथं केळीच्या पानावर भात, सांबार, भाजी मिळते, शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. रेसच्या दिवसांत शहरातून सर्किटला बस सोडतात, तिकीट घेतानाच त्यांची चौकशी करा.

रेस संपली की सगळे एकदम बाहेर धावतात. ग्रॅबचं (तिकडची ॲपवरची टॅक्सी) भाडं आकाशाला भिडतं आणि गर्दीमुळे मोबाईलही धड चालत नाही. तासभर आत बसून राहा, आणलेल्या चकल्या संपवा, मग निघा. परतीचं विमान रविवारी रात्रीचं अजिबात घेऊ नका, सोमवार दुपारचं घ्या. टी-शर्ट, टोपी घ्यायची तर शुक्रवारीच घ्या. रविवारपर्यंत आपल्या मापाचे संपतात आणि उरतात ते डबल एक्सेल.