कोष अभ्यासायचाय? आधी चिलटं पाळा

प्राणिशास्त्रात एम.एस्सी.ला आलेली मुलं ‘कोषावस्था’ म्हटलं की थेट जनुकांची नावं पाठ करायला बसतात. माझा सल्ला उलटा आहे. केळ्यावर घोंघावणारी चिलटं, म्हणजे ड्रॉसोफिला, पाळायला घ्या. रवा, गूळ, यीस्ट आणि अगर (समुद्री शेवाळापासूनची, जेली घट्ट करणारी पूड) शिजवून बाटलीत ओतलं की त्यांचं जेवण तयार.

२५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात, १८ अंशांना जवळपास दुप्पट. निफाडकडे पारा घसरला की बाटल्या रेंगाळतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात नर वांझ निघू लागतात. इन्क्युबेटर नसला तरी तापमानाची वही हवीच.

आता खरी गंमत. तिसऱ्या टप्प्यातली अळी पोट भरलं की खाणं सोडून काचेवर चढते, लाळग्रंथीतला डिंक सोडते आणि चिकटून बसते. अंग आखडतं, पण कातडी अजून पांढरीच असते. तासाभरात ती तपकिरी पडून टणक होते. त्या पांढऱ्या अळ्या ओल्या ब्रशने उचला, कारण घड्याळ तिथून सुरू होतं. शोधनिबंधात ‘इतक्या तासांनी’ असं वाचाल ते बहुधा याच क्षणापासून मोजलेलं असतं. ते तपकिरी कवच म्हणजे अळीचीच जुनी कातडी. साधारण १२ तासांनी आत डोकं बाहेर पडतं, खरा कोष तेव्हापासून.

हे डोळ्यांत बसलं की जनुकं सोपी जातात. एकडायसोन हे संप्रेरक (हार्मोन) कात टाकायला लावतं, तर ज्युवेनाइल हार्मोन ‘अजून अळीच राहा’ म्हणतं आणि त्याचा हुकूम केआर-एच१ हे जनुक पाळतं. ब्रॉड हे जनुक कोषाकडे नेतं, ई९३ हे जनुक प्रौढाकडे. ब्रॉड पूर्ण निकामी असलेल्या अळ्या भटकतात, पण कोष करत नाहीत, तशाच मरतात. (एकडायसोन १९५४ साली पहिल्यांदा शुद्ध मिळवलं तेव्हा ५०० किलो रेशीमकोषांतून जेमतेम २५ मिलिग्रॅम हाती लागलं होतं. आपण बरेच लाडावलेले आहोत.)

प्रबंधाला विषय शोधत असाल तर कांद्यावरचे फुलकिडे बघा. गट अपूर्ण रूपांतराचा, म्हणजे ज्यात एरवी कोषावस्था नसते असा, तरी ते प्रौढ होण्याआधी मातीत उतरून न खाता पडून राहतात. पानांवरची फवारणी तिथे पोचत नाही, म्हणून शेतकऱ्यालाही या अवस्थेत रस असतो. लासलगावच्या बाजूला एखादं ओळखीचं शेत, खुरपं, बारीक चाळण आणि भिंग एवढ्यावर सुरुवात होते.