कुत्रा ऐकत नाही? आधी या चुका टाळा

"आमचा कुत्रा ऐकतच नाही" ही तक्रार घेऊन कुणी आलं, की मी आधी कुत्र्याकडे नाही, मालकाकडे बघते. बहुतेक वेळा गोम तिथेच सापडते. बस, आडवा हो, थांब, ये, सोड हे शब्द कोणताही धडधाकट कुत्रा शिकतो. जात आणि वय यांमुळे फक्त वेळ कमी-जास्त लागतो. आठ आठवड्यांच्या पिल्लाला शिकवायला घ्या, नाहीतर आठ वर्षांच्या कुत्र्याला, दोघंही शिकतात. अडतं ते शिकवणाऱ्याच्या घाईपाशी.

एकच आज्ञा पाच वेळा

"बस. बस. अरे बस. बस ना! बस म्हटलं ना!" पाचव्या वेळी कुत्रा बसतो आणि मालक खूश होऊन खाऊ देतो. कुत्रा यातून काय शिकला? पहिले चार आवाज सोडून द्यायचे आणि पाचवा, चढ्या पट्टीतला आला की बसायचं. तो शिकला अगदी बरोबर, आपण शिकवलं चुकीचं.

मी शब्द एकदाच उच्चारते आणि मग गप्प बसते. मनात सावकाश पाच आकडे मोजते. त्याच्या डोक्यात काहीतरी चाललेलं असतं, ते चालू द्यायचं. तरीही नाही बसला, तर शब्द पुन्हा नाही, हाताने मदत करते. खाऊ चिमटीत धरून नाकासमोरून हळूहळू वर आणि किंचित मागे न्यायचा. नाक वर गेलं की मागचा भाग आपोआप खाली येतो. तो जमिनीला टेकला की त्याच सेकंदाला "शाब्बास" आणि खाऊ. खिसा चाचपडत बसलात तर तेवढ्यात कुत्रा उठतो आणि तुम्ही उठण्याचं बक्षीस देता. कंबर दाबून बसवणं मला अजिबात पटत नाही. दाबलं की तो उलट जोर लावतो, आणि पिल्लाच्या कोवळ्या सांध्यांवर उगाच ताण येतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. शब्द आधी, हाताची खूण क्षणभराने. दोन्ही एकदम केलंत तर कुत्रा हातच वाचतो, कारण त्याला हालचाल शब्दापेक्षा सोपी जाते. मग तुम्ही पाठमोरे उभे राहून "बस" म्हणालात की तो नुसता बघत राहतो. चार-सहा वेळा खाऊ धरून झाला, की तीच खूण रिकाम्या हाताने करायची आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यायचा. नाहीतर खाऊ दिसल्याशिवाय न बसणारा कुत्रा तयार होतो, आणि लोक दोष खाऊला देतात.

जवळ बोलावून रागावणं

ही चूक पाहिली की माझा जीव तुटतो. ओळखीच्या एका कुटुंबाचा लॅब्रेडोर "ये" म्हटलं की पळायचा. मी मैदानात जाऊन पाहिलं. मालकांनी हाक मारली. कुत्रा थबकला. कान मागे चिकटले, जीभ ओठांवरून फिरली, पुढचा एक पाय अधांतरी राहिला. मग तो लांबून वळसा घेत आला आणि दहा-बारा फुटांवर उभा राहून गवत हुंगू लागला. मालक म्हणाले, "बघा, नाटकं करतोय." ती नाटकं नव्हती, भीती होती. पुष्कळ धावाधाव झाल्यावर त्यांनी त्याचा पट्टा धरला आणि पाठीत एक धपाटा घातला.

मी विचारलं, घरी "ये" कधी म्हणता? अंघोळीला, नखं कापायला, चप्पल कुरतडली की दाखवून ओरडायला, आणि मैदानातून घरी न्यायला. चांगल्या कामासाठी एकदाही नाही. धपाटा पळण्याबद्दल होता हे मालकांना ठाऊक, कुत्र्याला नाही. त्याच्या लेखी तो हाती लागण्याबद्दल होता.

तो शब्द आम्ही टाकूनच दिला. "इकडे" हा नवा शब्द घेतला आणि घरात दोन पावलांवरून सुरुवात केली. आला की एकामागून एक तीन-चार तुकडे, पट्ट्याला हलका हात, आणि लगेच "जा, खेळ". मैदानात हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याला, लांब दोरी लावली. तिथेही बोलवायचं, द्यायचं, सोडायचं, म्हणजे हाक आणि घरी जाणं यांची गाठ सुटते. अंघोळीसाठी मात्र उठून त्याला आणायला जायचं. थोड्याच दिवसांत मालकांनी विचारलं, "खाऊ कधी बंद करायचा?" मी सांगितलं, या एका आज्ञेसाठी कधीच नाही. बाकीच्या आज्ञांचा खाऊ अधूनमधून करता येतो, हिचा नाही, कारण एखाद्या दिवशी ती त्याला गाडीखाली जाण्यापासून वाचवणार आहे. पुढे एका संध्याकाळी दुसऱ्या कुत्र्याशी रंगलेला खेळ सोडून तो एका हाकेत वळला आणि थेट आला. मालकांचा हात सवयीने पट्ट्याकडे निघाला, तेव्हा मी ओरडलेच, "आधी खाऊ!"

बाकीच्या चुका

दिवाणखान्यात "थांब" जमलं म्हणून लगेच रस्त्यावर पळवू नका. जागा बदलली की कुत्र्यासाठी धडा जवळपास नवा असतो. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड यांतलं एका वेळी एकच वाढवा.

अर्धा तास शिकवणी घेऊ नका. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि जमलेल्या गोष्टीवर थांबायचं.

एकाचं "खाली" म्हणजे आडवा हो, दुसऱ्याचं "खाली" म्हणजे सोफ्यावरून उतर. शब्द ठरवा आणि फ्रिजवर लिहून लावा.

खाऊ मटाराच्या दाण्याएवढा पुरतो, तो रोजच्या जेवणातून वजा करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही नको. ते विषारी आहे.

कुत्र्याला उताणा पाडून "मालक कोण ते दाखवणं" बंद करा. हे खूळ बंदिस्त लांडग्यांवरच्या जुन्या निरीक्षणांतून आलं, त्यांतलं गाजलेलं प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांचं, 1947 सालचं. त्यावरून समज झाला, की लांडगे सतत वरचढ होण्यासाठी झगडतात. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप बहुधा आई-बाप आणि पिल्लं असं कुटुंबच असतो. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. तो झटपट वाटतो, पण झटका बसताना कुत्र्यासमोर जे असेल, मग ते मूल का असेना, त्याचीच धास्ती त्याच्या मनात बसू शकते.

आणि रोज चटकन बसणारा कुत्रा अचानक बसेनासा झाला, किंवा एका कुशीवर कलून बसू लागला, तर शिकवणी थांबवा आणि त्याला पशुवैद्याकडे न्या. कंबर, गुडघा किंवा गुदद्वाराजवळच्या ग्रंथी दुखत असल्या तरी असं होतं.