मालदीवला सीप्लेनने जाताय? मग तो दिवस असा आखा

मालदीवचं बुकिंग करताना लोक व्हिला बघतात, बीच बघतात, जेवण काय काय मिळतं ते बघतात आणि विमानाचं तिकीट मात्र जे स्वस्त दिसेल ते काढून मोकळे होतात. माझं म्हणणं आहे आधी रिसॉर्टला विचारा की एअरपोर्टवरून तिथे कसं न्यायचं, स्पीडबोट की सीप्लेन, आणि सीप्लेन असेल तर मुंबईचं तिकीट त्याच्या वेळेवर ठरवा. कारण ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. समुद्रात ना धावपट्टी ना दिवे, पायलट लाटा आणि वारा डोळ्यांनी बघून पाण्यावर उतरवतो, त्यामुळे दिवसाचं शेवटचं विमानसुद्धा सूर्य मावळायच्या आत रिसॉर्टला पोचलेलं असावं लागतं. म्हणजे तुम्ही मालेला, म्हणजे तिथल्या राजधानीच्या एअरपोर्टवर, दुपारी तीन-साडेतीनच्या आत उतरलं पाहिजे, आणि खरं तर दुपारी बारा-एकपर्यंत उतरलात तर सगळ्यात बरं. संध्याकाळी उतरलात तर रात्र एअरपोर्टजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात काढायची आणि रिसॉर्टच्या त्या रात्रीचे पैसे बहुतेक वेळा जातातच.

मुंबईहून डायरेक्ट विमान असेल तर साधारण तीन तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, आणि काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळी उजेड जास्त मिळतो, त्यामुळे परतीची वेळ कळवली की ती कुठल्या घड्याळाची आहे ते नक्की विचारा. पुण्या-नाशिकवाल्यांनी सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्रीच मुंबई गाठा, पहाटे एक्सप्रेसवेवर जीव टांगणीला लावू नका.

सीप्लेनचं तिकीट आपण काढत नाही, रिसॉर्टच काढतं. ट्रान्स मालदीवियन, मांटा एअर आणि मालदीवियन या कंपन्या ही विमानं चालवतात. तुमचा फ्लाइट नंबर, उतरायची वेळ, पासपोर्टवरची नावं हे सगळं रिसॉर्टला आधीच मेल करा, आणि माणशी येण्याजाण्याचे चारशे-पाचशे डॉलर सहज लागतात ते बजेटमध्ये पहिल्यापासून धरा, नाहीतर स्वस्तातला व्हिला शेवटी महागात पडतो. नक्की वेळ मात्र लवकर कळत नाही, दुसऱ्या दिवशी कोण कुठे जाणार हे बघून वेळापत्रक आदल्या दिवशी लागतं.

आता सामान. सीप्लेनला साधारणपणे 20 किलोची बॅग आणि 5 किलोचं हाताचं सामान चालतं, त्यावर प्रत्येक किलोला पैसे, आणि हे तुमच्या मोठ्या विमानाच्या तिकिटावर कितीही किलो लिहिलेले असोत. घरीच वजन करा. कडक मोठ्या सुटकेसपेक्षा मऊ बॅग बरी. पॉवर बँक, औषधं, कॅमेरा, एक स्विमसूट आणि हलके कपडे हातातल्या बॅगेत ठेवा, कारण कधीकधी जड बॅगा मागच्या विमानाने येतात आणि तुम्ही समुद्राकडे बघत जीन्समध्ये बसून राहता.

घरून निघताना आणखी एक. आपल्याकडे बरेच जण प्रवासात छोटी गणपतीची मूर्ती सोबत ठेवतात, पण मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती आणायला बंदी आहे, तेव्हा ती देवघरातच राहू द्या. दारूची बाटली, अगदी ड्यूटी फ्रीची पण, कस्टमवाले काढून घेतात. व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, पूर्ण बंदी आहे, टुरिस्टलाही. व्हिसा आधी काढावा लागत नाही पण इमुगा नावाच्या सरकारी साइटवर प्रवासाच्या आधीच्या 96 तासांत फॉर्म भरायचा, तो फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. येताना एक आणि परत जाताना दुसरा, क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.

मालेचं वेलाना एअरपोर्ट हुलहुले बेटावर आहे. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम झालं की बाहेर रिसॉर्टची माणसं नावाच्या पाट्या घेऊन उभी असतात, त्यांना गाठलं की पुढचं ते बघतात, चेक-इन, वजन, मग बसने सीप्लेन टर्मिनल. तिथे बऱ्याच रिसॉर्टचे स्वतःचे लाउंज असतात, चहा-खाणं-वायफाय मिळतं. थांबावं लागतं, कधी अर्धा तास, कधी दोन-तीन तास, कारण एकाच विमानात तीन-चार रिसॉर्टची माणसं भरतात. लहान मुलं बरोबर असतील तर तिखटमिठाच्या पुऱ्या जवळ असू द्या.

विमानात चढायच्या आधी टॉयलेटला जाऊन या, आत सोय नाही. विमान म्हणजे ट्विन ऑटर, पंधरा-सोळा सीटचं, दोन पंख्यांचं, एसी नाही, आवाज प्रचंड, कानात घालायला बोळे देतात ते घालाच. पायलट अनवाणी असतात, ते बघून घाबरू नका, पाण्यावरच्या कामाला तेच सोयीचं पडतं. सीट नंबर नसतो, रांगेत पुढे राहिलात तर खिडकी मिळते. पंख वर असल्यामुळे खाली छान दिसतं, पण अगदी इंजिनाशेजारची जागा टाळा, तिथे आवाज जास्त. विमान कमी उंचीवरून जातं म्हणून बेटांभोवतीचे प्रवाळांचे कडे, मधलं फिकट हिरवं पाणी आणि बाहेरचा गडद निळा समुद्र हे सगळं हाताशी आल्यासारखं दिसतं, आणि माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधली ही अर्ध्या-पाऊण तासाची उड्डाणच सगळ्यात सुंदर असते, फोन थोडा वेळ खाली ठेवून बघा. प्रवासात मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्या.

उतरल्यावर बऱ्याचदा विमान समुद्रातल्या तरंगत्या फळीला लागतं आणि तिथून बोट नेते. सँडल अशी घाला जी पटकन काढता येईल.

परतीचंही तेच गणित उलट्या बाजूने. मुंबईचं विमान पहाटे किंवा सकाळी लवकर असेल तर सीप्लेन त्याआधी पोचूच शकत नाही, आदल्या दिवशीच मालेला यावं लागेल, म्हणून परतीचं तिकीट दुपारनंतरचं काढा. स्कूबा करणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 ते 24 तास विमान नको, रक्तातला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, तेव्हा शेवटचा दिवस स्नॉर्केलिंगला ठेवा. आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा कितीही आवडला तरी बॅगेत टाकू नका, तो देशाबाहेर न्यायला परवानगी नाही आणि एअरपोर्टवर बॅग स्कॅन होते.