काळजाचं छिद्र बुजवायला मुंबईला निघताना

सगळ्यात आधी दात. हृदयाचं काम म्हटल्यावर दातांकडे कोण बघतं? आम्हीही बघितलं नव्हतं. लेकीची तारीख मिळाली, कुडाळहून रात्रीची गाडी पकडली, दादरला उतरलो. दाखल करून घेण्याआधी डॉक्टरांनी तिला 'आ' करायला सांगितलं. खालची दाढ किडलेली आणि हिरडीवर तांदळाच्या कणीएवढी पुळी. तारीख तिथेच रद्द. किडक्या दातातले जंतू रक्तात उतरतात आणि हृदयात नव्याने बसवलेल्या वस्तूवर ठाण मांडू शकतात. मग ते निस्तरणं मूळ छिद्र बुजवण्यापेक्षा अवघड. जी दाढ इथे अर्ध्या तासात निघाली असती, तिच्यापायी पाच आठवडे गेले आणि मुंबईचं भाडं दुप्पट पडलं. तेव्हा तारीख मिळाली की पहिली फेरी दातांच्या डॉक्टरांकडे, आणि त्यांची चिठ्ठी फायलीत.

आमच्या घरात हे दोनदा झालं. आधी लेकीचं, सातव्या वर्षी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. त्यातल्या डॉक्टरांना तिच्या छातीत जादा आवाज ऐकू आला. दोन वर्षांनी थोरल्या दिरांचं, शेहेचाळिसाव्या वर्षी. देवळाची घाटी चढताना लागणारा दम ते जन्मभर विडीच्या नावावर टाकत आले होते. दोघांनाही तोच आजार, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, म्हणजे एएसडी. तयारी मात्र बरीच वेगळी.

रिपोर्टवर आजाराचं पूर्ण नाव काय लिहिलंय ते वाचून घ्या. 'काळजाक भोक' एवढ्यावर थांबू नका. एएसडीचे प्रकार आहेत. पडद्याच्या मधोमध असलेलं, सेकंडम म्हणतात ते छिद्र कॅथेटरने, म्हणजे शिरेतून नेलेल्या बारीक नळीने, बुजवता येतं, तेही त्याच्या कडा बुजवायचं उपकरण धरून ठेवण्याइतक्या असतील तर. प्रायमम, म्हणजे पडद्याच्या खालच्या भागातलं, असेल तर शस्त्रक्रियाच लागते. जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी उघडी राहिली (पीडीए) तर तीही जांघेतून जाऊन बंद करतात, आणि फुफ्फुसाकडची झडप अरुंद असेल तर फुग्याने रुंद करतात. शेजारच्या पोराचं फुग्याने झालं म्हणून आपलंही तसंच होईल असं नाही. डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: टेबलावर गेल्यावर कडा अपुऱ्या निघाल्या तर पुढे काय? आमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, उपकरण काढून घेऊ आणि शस्त्रक्रियेची तारीख देऊ. हे आधी ऐकलेलं असलं की बाहेरच्या बाकावर बसलेल्यांचा जीव कमी टांगणीला लागतो.

काम कसं होतं तेही थोडक्यात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्यातून मिटलेलं उपकरण जातं आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना एकेक चकती उघडते; दोन चकत्या, मध्ये अरुंद कंबर. पुढच्या काही महिन्यांत त्यावर शरीराचंच अस्तर चढतं. किंग आणि मिल्स या अमेरिकन डॉक्टरांनी 1976 साली असं पहिलं काम प्रसिद्ध केलं, आणि त्यांची रुग्ण 17 वर्षांची मुलगी होती. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे ती आता म्हातारी झाली आसतली," आणि तेवढ्यानेच त्यांना धीर आला.

कागदांत कंजुषी करू नका. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, छापील रिपोर्ट पुरत नाही, डॉक्टरांना हलती चित्रं बघायची असतात, तेव्हा सीडी किंवा पेनड्राइव्ह मागूनच घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण रुग्णालय योजनेत आहे का आणि आपला उपचार त्यात बसतो का हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) निघण्यापूर्वी फोनवर विचारा. रेशनकार्डाचा ऑनलाइन बारा आकडी नंबर, आधार आणि मुलांचा जन्मदाखला जवळ हवा. रेशनकार्डावर 'सावंत' आणि आधारवर 'सावन्त' असलं तरी माणूस अडतो. ते तहसीलला जाऊन आधी दुरुस्त करा. सगळ्याच्या तीन झेरॉक्स, जाड प्लास्टिकच्या पिशवीत. पावसाळ्यात एसटीच्या टपावरून फाइल प्रवास करत नाही, मांडीवरून करते.

तारीख निवडायला मिळाली तर गणपतीच्या आसपासची नको. गाड्यांना जागा नसते आणि मुंबईत ज्यांच्या खोलीवर उतरायचं ते चाकरमानी उलट आपल्याकडे आलेले असतात. जुलैत दरड पडून गाडी अडकण्याची धास्ती, शिवाय तापाचे दिवस. सर्दी, खोकला, ताप असेल तर भूल देत नाहीत. म्हणून आधीचे पंधरा दिवस पोराला पाण्यात खेळू द्यायचं नाही आणि शिंकणाऱ्या भावंडांपासून लांब ठेवायचं. ताप आलाच तर तो लपवून गाडीत बसू नका, फोन करून तारीख पुढे घ्या.

मोठ्या माणसांची यादी लांबते. दिरांच्या घशातून नळी घालून इको झाला, कारण छातीवरून नीट दिसेना. फुफ्फुसातला दाब मोजला; तो फार वाढलेला असेल तर छिद्र बंद करणंच घातक ठरतं, म्हणून मोठ्यांनी वर्षं दवडू नयेत. रक्त पातळ करणारी आणि साखरेची गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्या मनाने थांबवू नका. बायकांनी पाळी चुकली असेल तर सांगावं, क्ष-किरण वापरतात. दिरांना कोलंबीने अंगावर गांधी उठतात, म्हणून ते तपासणीत शिरेतून टोचतात त्या रंगद्रव्याला घाबरून बसले होते. या दोन गोष्टींचा संबंध नाही. पूर्वी असं इंजेक्शन घेतल्यावर त्रास झाला असेल तर मात्र नक्की सांगा. उपकरणाच्या तारेत निकेल असतं. खोट्या कानातल्यांनी कान चिघळणारी माणसं असतात, त्यांनी ही गोष्ट क्षुल्लक न समजता डॉक्टरांना सांगावी.

आता पेज. आम्हाला सांगितलं होतं, जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. अंगावर पिणाऱ्या बाळांना चार तास. सकाळी साताचा नंबर होता. पहाटे पाचला मी आंघोळीला गेले आणि सासूबाईंनी नातीला वाटीभर पेज पाजली, मिठाची कणी घालून, फुंकर मारून. "पोर उपाशी जातली? पेज म्हणजे पाणीच मां गो!" नर्सने विचारल्यावर लेकीनेच खरं सांगून टाकलं. नंबर दुपारवर गेला आणि पोर सात तास भुकेली राहिली. पेज, वरणाचं पाणी, चहा, बिस्किट हे सगळं खाणंच. घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हे वेगळं बसवून सांगा, आणि पहाटे पोराला एकटं सोडू नका.

पोराशी खोटं बोलू नका. "काही दुखणार नाही" ऐकून गेलेलं पोर सलाईनच्या सुईला जे किंचाळतं, ते पुढे कुणालाच हात लावू देत नाही. मी बाहुलीच्या जांघेवर पट्टी चिकटवून दाखवली: हाताला टोचेल, मग झोप येईल, उठशील तेव्हा इथे पट्टी असेल आणि काही तास पाय सरळ ठेवायचा. पाय सरळ ठेवणं हेच मुलांना सगळ्यात जड जातं, त्यासाठी गोष्टी साठवून ठेवा.

पिशवीत सैल कपडे, पुढून उघडणारा सदरा, चार्जर आणि तिचं आवडतं पांघरूण, एवढं पुरलं.

परतीचं तिकीट लगेचचं काढू नका. दोन-तीन दिवस मुंबईत राहून पहिली तपासणी उरका, आणि बर्थ खालचाच घ्या. जांघेतून रक्त आलं तर बोटांनी घट्ट दाबून धरायचं आणि आडवं व्हायचं. आम्हाला ॲस्पिरिन, रक्त गोठू न देणारी गोळी, सहा महिने होती. ती चालू असताना ताप आला तर गावच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगायचं, कारण डेंग्यू निघाला तर ती गोळी घात करते आणि मुलांना कांजिण्या किंवा फ्लूमध्येही ती धोक्याची. पहिल्या सहा महिन्यांत दाताचं काही करायचं असेल तर त्याआधी प्रतिजैविक विचारून घ्यायचं. उपकरणाचं कार्ड मिळतं, त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा.

शाळेला चिठ्ठी दिली, महिनाभर कबड्डी नाही. दिरांना चिठ्ठी द्यायला कुणी नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात ते माडावर चढायच्या तयारीत दिसले, तेव्हा लेकीनेच खालून ओरडून उतरवलं.