कळ ओसरली की कान लावा

लेबर रूममध्ये नव्याने आलेल्या सिस्टर डॉपलर, म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, उचलतात आणि थेट बेंबीखाली टेकवतात. आधी पोट चाचपा. एका बाजूला सलग, गुळगुळीत लागते ती बाळाची पाठ. दुसरीकडे हातापायांचे उंचवटे. ठोके पाठीकडूनच स्पष्ट येतात. बाळ पायाळू असेल तर ते बेंबीच्या वरच्या अंगाला शोधा.

दुसरा हात बाईच्या मनगटावर हवाच. डॉपलरवर 96 दिसतंय आणि बोटाखाली नाडीही तेवढीच लागतेय, तर तुम्ही आईचेच ठोके ऐकताय. जागा बदला. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कानाने मोजा. बॅटरी उतरली की पडद्यावर काहीही दिसतं. आमच्याकडे म्हणून फीटोस्कोप, म्हणजे बॅटरीशिवाय कानाने ठोके ऐकायची नळी, अजून खुंटीला असतो.

कळेच्या शेवटी ऐकायला सुरुवात करा आणि कळ ओसरल्यावर पूर्ण मिनिटभर ऐका. 15 सेकंद मोजून चाराने गुणणं इथे चालत नाही. कळेत गर्भाशय आवळतं, वारेकडचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो. धडधाकट बाळ ते सोसतं. दमलेल्या बाळाचे ठोके कळ सरल्यावरही खालीच राहतात, हळूहळू वर येतात. मधल्या वेळेत ऐकलंत तर 140 मिळतील आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.

मिनिटाला 110 ते 160 ठोके ठीक. गर्भाशयाचं तोंड 5 सेंटिमीटर उघडलं की दर अर्ध्या तासाने तरी ऐका; बाळाभोवतीचं पाणी हिरवं असेल किंवा पिटोसिन (कळा वाढवायचं औषध) चालू असेल तर सीटीजी (ठोके आणि कळा सलग नोंदवणारं यंत्र) लावा, ते नसेल तर दर 15 मिनिटांनी ऐका. बाई जोर करायला लागली की दर 5 मिनिटांनी. नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष डोकं दिसण्याकडे असतं आणि डॉपलर ट्रेमध्ये पडून राहतो. म्हणून एकीने फक्त ठोक्यांचंच बघायचं, हे आधीच ठरवा.

ठोके घसरले तर: "ताई, डाव्या कुशीवर वळा बरं." पिटोसिन बंद. बीपी बघा. आतून तपासा, नाळ खाली उतरली नाही ना? उतरली असेल तर बोटांनी डोकं वर ढकलून धरा, हात काढू नका. डॉक्टरांना लगेच हाक मारा. सिझेरियनची सोय नसेल तर 108 ला फोन दुसऱ्या सिस्टरने करायचा.

पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाच्या नोंदीच्या तक्त्यावर, "ठोके बरे" लिहू नका. आकडा, वेळ आणि कळेनंतर घसरले का, तेही त्याच वेळी लिहा. पुढच्या रुग्णालयातले डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.