चाळिशीनंतर व्यायाम सुरू करताय? मग हे बघा

पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळायला जाऊ नका राव, गुडघे धरतात आणि मग महिनाभर सगळं बंद. आधी रोज १० मिनिटं चाला, हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या, जागतिक आरोग्य संघटनाही कमीत कमी एवढंच सांगते. स्पीड किती? चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, बस्स. आणि नुसतं चालून भागत नाही हं, वयाबरोबर स्नायू कमी होत जातात, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी खुर्चीवरून उठबस, भिंतीला पुशअप असलं काहीतरी कराच. स्नायू थोडे दुखले तर चालतंय, सांधा दुखला तर थांबा. छातीत दाबल्यासारखं वाटलं किंवा चक्कर आली तर लगेच डॉक्टर गाठा. बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर आधीच विचारून घ्या.